ओर आणि सोर

आमच्या दिघ्याच्या आगरी बोलीत ‘ड’चा ‘र’ होतो. गाडीची गारी, घोड्याचा घोरा. ओढ म्हणायचं तिथं ओर आणि सोड म्हणायचं तिथं सोर. मी ठाण्याच्या शाळेत जायला लागलो तेव्हा या ‘र’वरून पोरं चिडवायची, आणि मग मीही घराबाहेर जपून ‘गाडी’ म्हणायला शिकलो. पण गाडीतलं मला जे काही थोडंफार कळतं ते सगळं मी या ‘र’मध्येच शिकलोय, माझ्या धाकट्या चुलत्याकडून. आम्ही सगळी भावंडं त्याला नाना म्हणायचो. अजूनही म्हणतो.

आज दिघा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकाला एक चिकटलेल्या इमारती येतात, ठाणे-बेलापूर रस्त्यावरचे ट्रक येतात. मी म्हणतोय तो दिघा वेगळा. उगवतीला पारसिकचा डोंगर, मावळतीला खाडी आणि मध्ये भाताची खाचरं. डोंगराच्या कुशीत इलठाणपाड्याचं रेल्वेचं जुनं धरण. इंग्रजांच्या काळात वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला बांधलेलं. पावसाळ्यात भात, उरलेल्या दिवसांत खाडीत जाळं. माझा आजा दोन्ही करायचा. मग १९६०च्या पुढं पट्ट्यात कारखाने यायला लागले, एकेकाची जमीन जायला लागली, आणि आमचीही गेली. पैसे आले ते किती होते हे आजाने कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायचा, “दोन खाचरांचा सोना झाला, एकाचा घर झाला, न्‌ एकाची गारी.”

ती गारी म्हणजे फियाट. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, १०८९ सीसीची, गिअरचा दांडा स्टिअरिंगला असलेली. नव्या गाडीला तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून थांबावं लागे. आमची आली ती चौथ्या मालकाकडून. मुंबईत बरीच वर्षं धावून, हाडं खिळखिळी होऊन आलेली. तिच्यावर घर चालायचं होतं. सकाळी कळव्याहून शिफ्टची माणसं कंपन्यांच्या गेटवर सोडायची, दुपारी कुणाला ठाण्याला कोर्टात न्यायचं, लग्नसराईत नवरा-नवरी. गाडी एखादा दिवस दारात उभी राहिली की आजा ओट्यावरून म्हणायचा, “खाचरान पानी नाय आज.” तो चिडून बोलायचा नाही. पण नानाला ते लागायचं, कारण जमिनीच्या पैशातून गाडी घ्यायचा आग्रह त्याचा होता.

नाना मेकॅनिक झाला तो कळवा नाक्याजवळच्या एका गॅरेजात. तिथल्या उस्तादाने त्याला पहिले सहा महिने पान्याला हात लावू दिला नाही. गाडीत बसायचं आणि सांगितलं की पेडल दाबायचं, एवढंच काम. बाहेर उस्ताद बॉनेटमध्ये डोकं घालून उभा, आत हा पोरगा पेडलवर पाय ठेवून. दाब, सोड, दाब, सोड. नाना म्हणायचा, त्या सहा महिन्यांत त्याच्या पायाला कान फुटले. पेडल जड आहे की हलकं, मध्येच अडकतं की शेवटी, सोडल्यावर लगेच वर येतं की आळसटून, हे सगळं पाय सांगायचा. पुढे त्याच्याकडे कुणीही गाडी घेऊन आलं आणि म्हणालं, “नाना, एक्सलेटर दाबतो पण काय होत नाही,” की तो बॉनेट उघडायच्या आधी आत जाऊन बसायचा. चप्पल बाहेर काढून, अनवाणी.

गाडी ऐकत नाही, ही तक्रार प्रत्येकाची वेगळी असते हे मला त्याच्याकडे बघून कळलं. बोलणारा एकच वाक्य बोलतो, पण खाली तीन-चार वेगळे आजार असतात. नाना पहिल्यांदा एकच विचारायचा: “रेस घेतं न्‌ पलत नाय, का रेसच घेत नाय?” म्हणजे पेडल दाबल्यावर इंजिन ओरडतं पण गाडी जागची हलत नाही, की इंजिनच मुकाट राहतं? या प्रश्नावर अर्धं गॅरेज बाजूला पडतं. इंजिन ओरडतंय याचा अर्थ पेट्रोल आहे, ठिणगी आहे, हवा आहे. मग कार्बोरेटर उघडणारा माणूस गिऱ्हाइकाचे पैसे खातोय. तिथं बघायची क्लचप्लेट. चढावर टॉप गिअरात पेडल दाबावं. आवाज चढला आणि वेग चढला नाही, वर जळक्या पट्ट्यासारखा वास आला, की प्लेट घसरतेय. कधी ब्रेकही धरून बसलेला असतो. दोन मैल चालवून थांबायचं आणि चारही चाकांच्या डिशला हात लावायचा. ज्याचा चटका बसेल ते चाक गाडीला मागं ओढतंय.

आणि रेसच घेत नसेल, तर मग पेडलपासून सुरुवात करून पुढं पुढं जायचं. इथं नाना मला फ्लिटच्या पंपाची गोष्ट सांगायचा. डास मारायचा तो पत्र्याचा पंप तेव्हा प्रत्येक घरात असे. दांडा ढकलला की हवा जाते, आणि हवेच्या मागं डब्यातलं औषध आपोआप वर ओढलं जाऊन फवारा होतो. कार्बोरेटर तेच करतो. लोकांना वाटतं पेडल दाबलं की पेट्रोल सुटतं. पेट्रोलच्या गाडीत पेडल उघडतं ते हवेचं दार, एक गोल झापड. पेट्रोल हवेच्या ओढीने तिच्या मागं जातं. डिझेलच्या गाडीत असं दार नसतं. तिथं पेडल पंपाला सांगतं की किती डिझेल सोड. हा फरक कळला नाही तर माणूस डिझेलच्या ट्रकमध्ये पेट्रोलचा रोग शोधत बसतो, असं नाना म्हणे, आणि असे मिस्त्री त्याने पुष्कळ पाहिले होते.

पेडल दाबलं, गाडी आधी एक गचका खाऊन मरगळली आणि मग एकदम पळाली, तर कार्बोरेटरच्या आतला छोटा पंप बघायचा. झापड अचानक उघडली की हवा चटकन आत शिरते, पेट्रोल जड म्हणून मागं राहतं. ते क्षणभर भरून काढायला तिथं एक पिचकारी दिलेली असते. तपासायला काही लागत नाही. इंजिन बंद करायचं, वरचं फिल्टर काढायचं, गळ्यात डोकवायचं आणि हाताने दांडी ओढायची. पेट्रोलची बारीक धार दिसली तर पंप शाबूत. नाही दिसली तर आतला डायफ्राम फाटला. मी दहा वर्षांचा असताना ही धार बघणं मला दिवाळीतल्या अनारासारखं वाटायचं. अर्थात तोंडात विडी असलेल्या माणसाला नाना त्या वेळी दहा हातांवर उभा करायचा.

सगळ्यात जास्त वेळा गाडीने मान टाकली ती खंडाळ्याच्या घाटात. आम्ही आगरी-कोळी, कार्ल्याची एकवीरा आमची आई. चैत्रात तिच्या यात्रेला जायचं म्हणजे जायचंच. द्रुतगती मार्ग तेव्हा नव्हता, जुना घाट चढायचा. चैत्राचं ऊन, गाडीत आठ माणसं, डिकीत कोंबडे आणि तांदूळ, पुढं ट्रकांची रांग. खोपोली सोडली, दोन वळणं चढली की फियाट ढेपाळायची. पेडल तळाला टेकवलं तरी इंजिन धापा टाकल्यासारखं करायचं आणि मग गप्प. आजी पुटपुटायची की आईला काहीतरी राहिलं असेल. नाना उतरायचा, पाण्याची कळशी मागायचा आणि एखाद्या बाईकडं जुन्या लुगड्याचा तुकडा. तो ओला करून पेट्रोलच्या पंपावर गुंडाळायचा, वरून पाणी सोडायचा. हा पंप इंजिनाला चिकटून बसवलेला असतो आणि इंजिनच्याच जोरावर चालतो. घाटात गाडी हळू, वारा नाही, इंजिन तापलेलं. मग पंपातलं नि नळीतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंप ओढायला जातो तर हाताला वाफ लागते, पेट्रोल पुढं सरकत नाही. त्या काळात असे पंप असलेल्या सगळ्याच गाड्यांना हा त्रास होता. घाटात उन्हाळ्यात बॉनेट वर केलेल्या गाड्यांची रांग लागलेली असायची. पंधरा मिनिटं थांबलं, पंप गार झाला, की गाडी आपोआप सुरू. नवखा ड्रायव्हर तेवढ्या वेळात प्लग काढायचा, पॉइंट घासायचा, आणि गाडी सुरू झाली की आपणच ती दुरुस्त केली असं समजायचा. नाना ओला कपडा घालून झाडाखाली कलिंगड कापत बसायचा.

डोंगराच्या कडेला दगडखाणी होत्या. तिथल्या ट्रकांनी नानाला डिझेल शिकवलं. त्यात धूर बघायचा. ट्रक ओढत नाही आणि मागं काळाकुट्ट धूर, तर डिझेल भरपूर आहे पण हवा कमी. खाणीच्या धुळीने एअर फिल्टर चिखलासारखं बसलेलं असायचं. ओढत नाही आणि धूरही नाही, तर डिझेलच पोचत नाही. फिल्टर चोंदलंय किंवा पाइपात हवा शिरलीय. मग स्क्रू ढिला करून हाताने प्रायमर दाबत राहायचं, फेस संपून सलग डिझेल येईपर्यंत. आमच्या सगळ्या भावंडांच्या हाताला तो डिझेलचा वास असायचा. आई जेवायला वाढण्याआधी राखेने हात धुवायला लावायची.

आता ती रात्र सांगतो. १९७९चा पावसाळा, आषाढ संपत आलेला. मी बारा वर्षांचा. काकीचे, म्हणजे नानाच्या बायकोचे, दिवस भरले होते. पहिली दोन बाळं घरातच, सुईणीच्या हाताखाली झाली होती, म्हणून याही वेळी कुणाला काळजी नव्हती. रात्री दहाच्या सुमारास सुईण बाहेर आली आणि माझ्या आजीला बाजूला घेऊन काहीतरी बोलली. आजीने नानाला एवढंच सांगितलं, “पोर आरवा हाय. ठान्याला ने.” आडवं मूल म्हणजे काय हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण ओट्यावर बसलेला आजा उठून उभा राहिला आणि त्याने स्वतः जाऊन गाडीचं दार उघडलं. त्याला तसं करताना मी आधी कधी बघितलं नव्हतं.

मागं काकी आडवी, तिचं डोकं आजीच्या मांडीवर, पायाशी सुईण. पुढं नाना आणि त्याच्या डाव्या बाजूला मी, कंदील-बॅटरी धरायला. ठाणं पाच-सहा किलोमीटर. पाऊस असा की वायपर असून नसल्यासारखा. विटाव्याच्या अलीकडं एका खड्ड्यातून गाडी आदळली, आणि नंतर इंजिनाचा आवाज बसला. बंद नाही पडलं. नुसतं तिथल्या तिथं घुरघुरत राहिलं. नानाने दोनदा पाय मारला. मला त्याचा पाय जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. गाडी वेग मरून कडेला थांबली. नाना म्हणाला, “पेडलान वजन नाय.”

मागं काकी कण्हत होती. आजीने विचारलं, “काय झाला?” नाना म्हणाला, “काय नाय, दोन मिंटा.” त्याच्या आवाजात जरासुद्धा फरक नव्हता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो म्हणून सांगतो, तोंडावर मात्र होता.

त्याने मला सांगितलं, तिथं सरक आणि हाताने पेडल दाब. स्वतः बॅटरी घेऊन उतरला, बॉनेट वर केलं. मी दाबलं. पेडल उंदराच्या पिंजऱ्याच्या तुटलेल्या झाकणासारखं सैल पडलं. “दाबलास?” “दाबला.” “सोर. परत दाब.” मग एकदम इंजिन मोठ्याने गरजलं. मला वाटलं माझ्याच दाबण्याने. पण माझा हात तेव्हा वर होता. त्याने कार्बोरेटरची दांडी स्वतःच्या बोटाने ओढली होती. म्हणजे पेट्रोल येत होतं, ठिणगी होती, झापड उघडत होती, स्प्रिंग तिला परत मिटत होती. सगळं धड होतं. फक्त पायाचा निरोप झापडेपर्यंत पोचत नव्हता. पेडलपासून कार्बोरेटरपर्यंत लोखंडी सळी जाते, तिला सांधे असतात, आणि सांध्यात एक गोळी वाटीत बसलेली असते. चार मालकांच्या पायांनी वाटी झिजून रुंद झाली होती. खड्ड्यात गोळी निसटली.

त्याने ती परत बसवली. पहिल्या दाबाला निसटली. डिकीत जाळं विणायची नायलॉनची दोरी होती, ती काढून सांधा बांधला. सळी तेलकट, वर पाऊस. दोन दाबांत गाठ सरकली. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कंपन्यांची तिसरी पाळी आत गेलेली, दुसरी घरी पोचलेली. नाना दहा-वीस सेकंद नुसता उभा राहिला, बॉनेटच्या कडेवरून पाणी त्याच्या मानेत पडत होतं. मग त्याने दोरीचं एक टोक कार्बोरेटरच्या दांडीला बांधलं, मध्ये एका बोल्टाला वळसा दिला, बॉनेट पूर्ण न लावता नुसतं अडकवून ठेवलं आणि दुसरं टोक डाव्या खिडकीतून माझ्या हातात दिलं.

“आता एक्सलेटर तू,” म्हणाला. “मी ओर म्हनला का ओराची. सोर म्हनला का सोराची. हलू ओराची, आजूस जाला ओरतं तशी.”

जाळं कसं ओढतात हे मला माहीत होतं. एकदम हिसका दिला तर मासा जातो. मी दोरी बोटाला गुंडाळायला गेलो तर त्याने हातावर चापट मारली. गुंडाळलेली दोरी वेळेवर सुटत नाही. मुठीत धरायची.

गाडी निघाली. पण पत्र्यावर पाऊस वाजत होता, खिडकी उघडी, आणि त्या आवाजात ‘ओर’ आणि ‘सोर’ एकच ऐकू यायचं. एकदा त्याने क्लच दाबून सोर म्हटलं आणि मला ओर ऐकू आलं; इंजिन असं किंचाळलं की मागून सुईण ओरडली. नाना मात्र ओरडला नाही. तसाच पुढं बघत म्हणाला, “ओर-सोर नको. हां म्हनला का ओर. बास म्हनला का सोर.” मग पुढचा सगळा रस्ता तेवढंच. “हां… हां… हां… बास.” गिअर. “हां… हां…” कळव्याच्या जुन्या पुलाच्या चढावर मला कितीतरी वेळ एकसारखं ओढून धरावं लागलं, दोरी तळव्यात रुतली. खाली खाडी काळी, भरतीची. मधून मधून आजीचा आवाज यायचा, काकीशी बोलत असलेला, आणि एकदा काकीचा आवाज बराच वेळ आलाच नाही. तेव्हा नानाचं ‘हां’ जरा लवकर लवकर यायला लागलं. मीही तितकं ओढलं. चौकात वळताना त्याने बास म्हटलं आणि मी सोडलं, आणि बरोबर वळणातून बाहेर पडताना त्याने हां म्हणायच्या आधीच माझा हात चालला होता. त्याने माझ्याकडं बघितलं, काही बोलला नाही.

दवाखान्याच्या दारात त्याने इंजिन बंद केलं तरी मी दोरी धरूनच बसलो होतो.

मुलगी झाली, पहाटे, शस्त्रक्रिया करून. दोघी वाचल्या. डॉक्टरीणबाईंनी नानाला विचारलं म्हणे, एवढ्या उशिरा का आणलं. नानाने दोरीबद्दल काही सांगितलं नाही. उजाडल्यावर तो मला घेऊन बाहेर आला, चहा पाजला, आणि मग त्याच दोरीवर आम्ही दिघ्याला परत आलो. येताना पाऊस नव्हता, तरी तो ‘हां’ आणि ‘बास’च म्हणत होता. दुसऱ्या दिवशी कुर्ल्याच्या भंगार बाजारातून वाटी आणि गोळी आणून बसवली. आजाने किंमत विचारली. ऐकून म्हणाला, “एवड्याशा लोखंडासाठी!” आणि मग बराच वेळ ती जुनी झिजलेली वाटी हातात घेऊन फिरवत बसला.

ती मुलगी, माझी चुलत बहीण, आज पंचेचाळीस वर्षांची आहे. ऐरोलीला ऑफिसात जाते. १२ जानेवारी २०२४ला दिघा गाव स्टेशन सुरू झालं तरी ती गाडीच नेते. मुलांच्या क्लासचे, आईच्या डॉक्टरचे हेलपाटे असतात. त्याच वर्षीच्या जुलैत तिची गाडी आमच्या गल्लीत रात्रभर पाण्यात उभी राहिली. सकाळी चावी फिरवली, गाडी सुरू झाली. पेडल दाबलं, काही नाही. इंजिन आपलं शांतपणे घुरघुरतंय, काट्यासमोर पिवळा दिवा. ती नानाला हाक मारायला आली. नाना आता ऐंशीला टेकलाय, काठी घेऊन चालतो. आला, चप्पल काढली, बसला, पाय ठेवला. दोन-तीनदा दाबून म्हणाला, “वजन हाय. बरोबर हाय.” मग जरा गोंधळून माझ्याकडं बघितलं. पायाला सगळं ठीक लागत होतं आणि गाडी तरी ऐकत नव्हती. असं त्याच्या आयुष्यात झालं नव्हतं.

नव्या गाड्यांत पेडलला सळी नाही, वायर नाही. पायाला जे वजन लागतं ते नुसत्या स्प्रिंगचं. पेडलच्या मुळाशी सेन्सर असतो, तो किती दाबलं ते विजेच्या भाषेत कॉम्प्युटरला सांगतो, आणि कॉम्प्युटर मोटर फिरवून हवेची झापड उघडतो. झापड तीच, फ्लिटच्या पंपाचा हिशेबही बराचसा तोच. मधला निरोप्या बदलला. रस्त्यावरच्या गॅरेजातला सातारकडचा एक पोरगा स्कॅनर घेऊन आला. त्याने वायर जोडली, आकडे वाचले आणि म्हणाला, पेडलचे दोन सिग्नल जुळत नाहीत, पेडल बदलावं लागेल, आख्खं येतं.

नाना म्हणाला, “दोन कनाला?”

पोराने नीट समजावून सांगितलं, हे मला त्याचं फार आवडलं. “आजोबा, आत दोन सेन्सर असतात. दोघं एकाच वेळी सांगतात पाय किती दाबलाय. बऱ्याच गाड्यांत एकाचे व्होल्ट दुसऱ्याच्या निम्मे ठेवलेले असतात, म्हणजे ताळा लागतो. ताळा चुकला तर कॉम्प्युटर दोघांचंही ऐकत नाही. गाडी पळून जाऊ नये म्हणून रेस नुसती खाली ठेवतो.”

जमिनीच्या भावाच्या केसमध्ये नाना ठाण्याच्या कोर्टात पुष्कळ वर्षं बसलेला माणूस. तो लगेच म्हणाला, “म्हंजे दोन साक्षीदार. न्‌ दोगांची जबानी जुलली नाय.” पोरगा हसला, म्हणाला, अगदी तसंच. मग नानाने विचारलं, “पन साक्षीदार खोटा हाय का त्याला बोलून देत नाय, ता कसा कललं तुला?” पोरगा गप्प झाला. “तार हलवून बग आदी.”

पोराने मीटर लावलं. बहिणीला पेडल हळूहळू दाबायला सांगितलं. पहिला आकडा सरळ चढत गेला, दुसराही चढत होता. मग त्याने पेडलच्या वरचा वायरचा जुडगा बोटांनी हलवला आणि दुसरा आकडा शून्यावर पडला. परत हलवला, परत आला. सेन्सर खरा होता. जोडाचं सॉकेट काढलं तर आत पाणी, आणि एका पिनेवर हिरवट गंज. रात्रभर तळाला पाणी साचलं होतं, पण गंज काही एका रात्रीचा नव्हता. आधीच्या पावसाळ्यांचाही असणार. पोराने पिना साफ केल्या, हवा मारून वाळवल्या, घट्ट बसवल्या, स्कॅनरवरची नोंद पुसली. नानाने त्याला जुडगा पुन्हा दहा वेळा हलवायला लावला, आकड्यांवर नजर ठेवून. नवीन पेडल आणावं लागलं नाही. तो पोरगा आता अधूनमधून संध्याकाळी नानाकडं येऊन बसतो. काय बोलतात कोण जाणे, पण मध्येच फ्लिट पंप हा शब्द ऐकू येतो.

गाडीतली रबराची जाड मॅट मात्र नानाने परत घालू दिली नाही. ओली होऊन ती फुगली होती आणि पुढं सरकून पेडलच्या खाली जात होती. मी त्याला सांगितलं की २००९ साली अमेरिकेत टोयोटाला नेमक्या याच कारणाने लाखो गाड्यांबद्दल ग्राहकांना कळवावं लागलं होतं, मॅटमध्ये पेडल अडकून गाड्या थांबत नव्हत्या म्हणून. “बग,” नाना बहिणीला म्हणाला, जसं काही तो हे तेव्हापासूनच सांगत होता. ती मॅट अजून आमच्या गच्चीवर पडलीय. काकीने तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवलीय.